तुम्ही विचारलंत म्हणून: क्रेडिटसाठी लॅबमध्ये जावं का?

एस.वाय.चा निकाल लागला की पालक भेटायला येतात. कुणी पावसहून, कुणी लांज्याहून, कुणी जयगडहून. प्रश्न बहुतेकांचा एकच असतो. "मॅडम, मुलगी कॉलेजच्या लॅबमध्ये संशोधनाचं काम घेणार म्हणते. त्याचे क्रेडिट मिळतात म्हणे. पैसे काही मिळत नाहीत, घरी यायला उशीर होतो. कशाला हवंय हे?" मुलं एकटी भेटली की जरा चाचरत विचारतात, "नुसत्या क्रेडिटसाठी लॅबमध्ये आलं तर चालेल ना?"

चालेल. क्रेडिट म्हणजे पदवीसाठी मोजलं जाणारं अभ्यासाचं माप. त्यासाठीच या, आणि ते हक्काने घ्या.

आमच्याच व्यवसायातल्या काही जणांना हे पटत नाही. क्रेडिट लावले की मुलं गुणांसाठी येतात, खरी ओढ असलेली मुलं फुकटही येतात, असं त्यांचं म्हणणं. फुकट कोण येऊ शकत होतं ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. ज्यांचं घर रत्नागिरी शहरात, ज्यांना शेवटची एस.टी. गाठायची नाही, ज्यांच्या घरी संध्याकाळी पाणी भरायला किंवा मासळी निवडायला हात कमी पडत नाहीत, ती मुलं यायची. बाकीच्यांना ओढ नव्हती असं मुळीच नाही. प्रॅक्टिकल संपल्यावर दोन तास थांबायचं तर घरी कारण काय सांगायचं, हा त्यांचा प्रश्न होता. आता काम वेळापत्रकात आहे आणि गुणपत्रिकेवर उमटतं. "अभ्यासक्रमातच आहे, थांबावंच लागतं" एवढं एक वाक्य मुलीला घरी सांगता येतं, आणि त्या वाक्याने किती दारं उघडतात ते गावाकडून येणाऱ्या मुलींनाच विचारा.

हिशेबही समजून घ्या, कारण तो फार थोड्यांना माहीत असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचा क्रेडिट आराखडा डिसेंबर 2022 मध्ये आला. त्यात तीन वर्षांच्या पदवीला 120 क्रेडिट आणि चार वर्षांच्या ऑनर्सला 160 आहेत. लॅबच्या कामाचा एक क्रेडिट म्हणजे 30 तास. म्हणजे चार क्रेडिटचा प्रोजेक्ट 120 तासांचा, पंधरा आठवड्यांत आठवड्याला आठ तास. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतं आणि त्यात 12 क्रेडिट निव्वळ संशोधन प्रकल्पाचे असतात. पदवीच्या मुलांना लॅबमध्ये घेण्याची कल्पना मात्र जुनी आहे. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ मार्गारेट मॅकव्हिकर यांनी 1969 साली तसा कार्यक्रम सुरू केला, तो आजही चालू आहे. तिथे क्रेडिट किंवा मानधन, यांतलं एक निवडता येतं. आपल्याकडे पदवीच्या मुलाला मानधन देणारी लॅब विरळाच, म्हणून क्रेडिटची किंमत इथे जास्त.

आता लॅबमध्ये नेमकं करायचं काय, तर आमच्याकडचं उदाहरण सांगते. काजळी नदी रत्नागिरीजवळ भाट्याला समुद्राला मिळते. त्या खाडीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती, हे आम्ही मोजतो. काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा राहिला की त्यातला ऑक्सिजन पाण्यात उतरतो आणि रीडिंग खोटं येतं. मग पिपेटचं टोक पाण्यात बुडवून आधी मँगनीज सल्फेट सोडायचं, त्यामागून अल्कलाइन आयोडाइड. बूच लावून बाटली उलटी-सुलटी करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर तो पांढराच राहतो. खाडीच्या एखाद्या साचलेल्या फाट्यातल्या बाटलीत पांढुरका साका पाहिला की मुलं एकदम गप्प होतात, कारण तिथे मासा का मिळत नाही हे त्यांना कुणी न सांगता कळलेलं असतं. हे सगळं काठावरच उरकायचं. लॅबमध्ये आल्यावर ॲसिड घालून साका विरघळवायचा आणि ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या तोटीवाल्या काचनळीतून, थायोसल्फेट सोडत जायचं. रंग फिकट पिवळा झाला की स्टार्च घालायचा, पाणी गडद निळं होतं. मग थेंब, थेंब, आणि एका थेंबाला निळा रंग नाहीसा होतो. तोवर किती थायोसल्फेट लागलं, त्यावरून ऑक्सिजन काढायचा. तो थेंब ओळखायला हात आणि डोळा दोन्ही तयार व्हावे लागतात. जर्नलमधलं प्रॅक्टिकल चुकलं तर एक गुण जातो. इथे चुकलं तर तक्त्यातला त्या दिवसाचा आकडा चुकतो आणि पुढच्या वर्षीची मुलं त्याच आकड्याशी आपला आकडा ताडून बघणार असतात. आपल्या आकड्यावर दुसरा कुणी विसंबणार आहे, ही जाणीव वर्गात बसून येत नाही. त्या जाणिवेसाठी लॅब.

सॅम्पल ओहोटीला घ्यायचं, म्हणून ते कधी घ्यायचं हे भरती-ओहोटी ठरवते. खाडीकाठच्या वाडीतली एक मुलगी आमच्याकडे होती. पहिल्याच बैठकीत तिने मोबाइल न उघडता तारखा काढून दिल्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा तिच्या घरातला रोजचा हिशेब. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. ते कॉलेजच्या वेळेत बसतं. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला. संध्याकाळची घेतली तर लांबच्या मुलींची एस.टी. चुकणार. म्हणून उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची, सॅम्पलं पहाटे काठावरच्या मुलींनी घ्यायची आणि भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची, दुपारी सगळ्यांनी मिळून, असं तिने वाटून दिलं. तिसऱ्या आणि मुळे, म्हणजे खाडीतले शिंपले, वेचायला बायका कुठे बसतात आणि कुठे बसणं सोडलंय, तेही तीच सांगायची. तिथली ठिकाणं आमच्या यादीत तिच्यामुळे आली. कोकणातल्या मुलांनो, संशोधन म्हणजे पुण्या-मुंबईचं काम असं धरून चालू नका. खाडी, कांदळवन, पावसाळ्यात फुलणारे सडे, म्हणजे जांभ्याची पठारं, तुमच्या दारात आहेत आणि त्यांच्याबद्दल पुस्तकात नाही ते तुमच्या आजीला ठाऊक आहे.

फसगत कुठे होते तेही सांगते. काही ठिकाणी प्रोजेक्ट म्हणजे मागच्या वर्षीची स्पायरल बाइंडिंग केलेली फाइल, वरचं पान बदललेलं. काही ठिकाणी सत्रभर काचसामान धुणं आणि नोंदवहीत सह्या. काचसामान धुणं कमी प्रतीचं काम नाही, अस्वच्छ बाटलीतून बरोबर रीडिंग येत नाही आणि ते सगळ्यांनी शिकायलाच हवं. पण निम्मं सत्र उलटलं तरी तेच चालू असेल तर जाऊन विचारा. क्रेडिट म्हणजे दोन्ही बाजूंचा करार आहे. तुम्ही तास देता, गाईडने शिकवणं देणं लागतं.

म्हणून हो म्हणण्याआधी भेटून बोला. सगळ्या प्राध्यापकांना एकच मेल पाठवू नका. सध्या काय काम चाललंय ते विचारा, त्यातला कोणता तुकडा तुमचा असेल, रोज शिकवायला कोण असेल, गुण कशावर, आणि तुमची रीडिंग छापली गेली तर नाव येईल का, हेही विचारा. असे प्रश्न ऐकून चांगला गाईड रागावत नाही. कॉलेजमध्ये सोय नसेल तर शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे. तिथे काम करता येईल का आणि ते क्रेडिटमध्ये धरतील का, हे आधी आपल्या विभागप्रमुखांकडून लेखी घ्या.

आणि पालकांचा शेवटचा प्रश्न, आंब्याच्या दिवसांत मुलगी लागते त्याचं काय? जानेवारीतच गाईडला सांगा. सॅम्पलं मार्चपर्यंत आटोपता येतात, आकडेमोड आणि लिखाण घरी बसूनही होतं. आम्ही तशीच आखणी करतो. सत्र सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात दुपारी तीननंतर या, प्रॅक्टिकलची बॅच सुटलेली असते. मुलीला घेऊन या, आणि घरातलं पंचांगही आणा.