बून घराण्याच्या मागावर: पेनसिल्व्हेनिया ते केंटकी

पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीत, रेडिंग शहराजवळ एक्झिटर नावाची वस्ती आहे. तिथं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं जुनं दगडी प्रार्थनागृह आणि त्याला लागून दफनभूमी आहे. जॉर्ज बून आणि त्याची बायको मेरी यांना इथंच मूठमाती मिळाली, पण नेमकी कुठल्या जागी ते कुणी दाखवू शकत नाही. सुरुवातीचे क्वेकर थडग्यावर नावाचा दगड बसवत नसत. देवासमोर सगळे सारखे, मग मेल्यावर मोठेपणा कसला, असा त्यांचा विचार. हा विचार मला मनापासून आवडतो, पण वंशावळ शोधणाऱ्याची त्यामुळे पहिल्याच पायरीला अडचण होते.

मी या शोधात पडले ती सासूबाईंमुळे. त्यांचं माहेर केंटकीचं. त्यांच्या आजीनं त्यांना लहानपणी सांगितलं होतं, की आपण डॅनियल बूनच्या घराण्यातले. हा बून म्हणजे अॅपलाचियन डोंगर ओलांडून केंटकीत जाणाऱ्या वाटा दाखवणारा, इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असलेला माणूस. केंटकीतल्या कितीतरी घरांत अशी एक आजी असते. सासूबाईंना हे खरं की खोटं ते जिवंतपणी कळून घ्यायचं आहे. आम्ही राहतो बर्क्स काउंटीत, म्हणजे बूनच्या जन्मगावाजवळ. त्यामुळे त्यांनी हे काम माझ्याकडे दिलं आणि मीही त्यात पुरती गुंतले.

वंशावळीचा साधा नियम असा, की स्वतःपासून सुरुवात करून एकेक पिढी मागं जायचं. प्रसिद्ध माणसापासून खाली यायचं नाही. तरीही बून घराण्याचे कागद मी आधी वाचले, कारण सरहद्दीवरच्या कुटुंबाचा माग कसा निघतो ते शिकायला याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

डॅनियलचा आजोबा जॉर्ज बून मूळचा इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या ब्रॅडनिंच गावचा. १७१७ साली तो कुटुंबासह फिलाडेल्फियाला उतरला. १७८८ साली त्याच्या जेम्स नावाच्या नातवानं घराण्याची टिपणं लिहून ठेवली. जॉर्ज १७४४ साली वारला, तेव्हा त्याच्यामागं ८ मुलं, ५२ नातवंडं आणि १० पतवंडं होती असं त्यात आहे. एकूण ७०, आणि बायबलमधला याकोब जितकी माणसं घेऊन इजिप्तला गेला तितकीच, अशी पुस्तीही जेम्सनं जोडली आहे. आजोबांच्या पसाऱ्याचा त्याला वाटलेला अभिमान वाचताना जाणवतो.

त्याच टिपणांत मेरीच्या मृत्यूचं साल १७४०-४१ असं जोडून दिलेलं आहे. १७५२ पर्यंत इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत कायद्यानं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा बराचसा भाग आदल्या सालात मोजला जाई. त्यात क्वेकर लोक महिन्यांची नावं वापरत नसत, कारण ती रोमन देवांवरून आलेली. ते ‘पहिला महिना’, ‘दुसरा महिना’ असं लिहीत, आणि १७५२ पूर्वी पहिला महिना म्हणजे मार्च. जुन्या क्वेकर वहीतला आठवा महिना आपण ऑगस्ट समजलो तर चुकलो, तो ऑक्टोबर. १७५२ साली कॅलेंडर बदललं तेव्हा सप्टेंबरचे ११ दिवस गाळले गेले. २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली. डॅनियलचा जन्म जुन्या गणनेनं २२ ऑक्टोबर १७३४ चा, नव्या गणनेनं २ नोव्हेंबरचा. इंटरनेटवरच्या वंशावळींत दोन्ही तारखा दिसतात, आणि कधीकधी एकाच माणसाचे दोन माणूसही झालेले दिसतात.

बून घराण्याबद्दल इतकं सविस्तर कळतं ते त्यांच्या पराक्रमामुळे नाही. त्यांनी नियम मोडले म्हणून कळतं. क्वेकर मंडळींची महिन्याला सभा भरे आणि तिचं इतिवृत्त लिहिलं जाई. डॅनियलचा बाप स्क्वायर बून. १७४२ साली त्याच्या सारा नावाच्या मुलीनं पंथाबाहेर लग्न केलं. सभेनं जाब विचारला, स्क्वायरनं चूक कबूल केली. पुढं १७४७ साली इस्राएल या मुलानंही तेच केलं. या खेपेला बाप झुकला नाही, आणि १७४८ साली सभेनं त्याला पंथातून काढून टाकलं. १७५० साली हे कुटुंब घरदार विकून दक्षिणेकडे निघालं आणि व्हर्जिनियातून उत्तर कॅरोलायनातल्या याडकिन खोऱ्यात पोचलं. जे निमूट वागले त्यांच्याबद्दल या वह्यांत एखादी ओळ असते. जे अडले, भांडले, त्यांच्या मुलांची नावं, लग्नाची सालं, भावाबहिणींची नाती, सगळं हाती लागतं. म्हणून आता मी कुणाचीही माहिती काढताना आधी पाहते, की या माणसाचं कुणाशी वाजलं होतं, त्याच्यावर कर कुणी बसवला, त्यानं कर्ज कुणाचं बुडवलं.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. एक्झिटरमध्येच मॉर्डेकाय लिंकन राहत होता, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा खापरपणजोबा. त्याच्या अब्राहम नावाच्या मुलाचं लग्न १७६० साली अॅन बूनशी झालं. ती डॅनियलची चुलतबहीण. राष्ट्राध्यक्षांचे आजोबा, तेही अब्राहमच, नंतर व्हर्जिनियातून केंटकीला गेले आणि १७८६ साली मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. याडकिन खोऱ्यात बूनांचे शेजारी होते ब्रायन. डॅनियलनं १७५६ साली रिबेका ब्रायनशी लग्न केलं. त्याची बहीण मेरी विल्यम ब्रायनला दिलेली. भाऊ एडवर्डची बायको रिबेकाचीच बहीण. या लोकांनी एकट्यादुकट्यानं स्थलांतर केलं नाही. सोयरे, शेजारी, सहधर्मी असा सगळा मेळा एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जात राहिला. एखाद्या माणसाचा माग हरवला तर त्याच्या शेजाऱ्यांना धरायचं, पन्नास-शंभर मैलांवर तो पुन्हा सापडतो. सासूबाईंच्या पूर्वजांबाबत मला याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

त्यांची रेघ १८५० पर्यंत पक्की आहे. अमेरिकेत दर दहा वर्षांनी होणारी जनगणना १७९० साली सुरू झाली, पण १८४० पर्यंत तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे; बाकीचे नुसते आकडे. इतक्या वयाचे इतके पुरुष, इतक्या वयाच्या इतक्या बायका. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला १८५० साली सुरुवात झाली. त्यात मॅडिसन काउंटीतला एक म्हातारा शेतकरी सासूबाईंचा पूर्वज म्हणून नीट सिद्ध होतो. मॅडिसन काउंटी म्हणजे डॅनियल बूननं १७७५ साली बून्सबरोची गढी जिथं बांधली तीच जागा. साहजिकच आमच्या आशा वाढल्या.

त्याच्या मागं जायचं तर केंटकीच्या १७९० आणि १८०० या दोन्ही जनगणनांचे मूळ कागद नष्ट झालेले. तिथं करयाद्या उपयोगी पडतात. दरवर्षी कर वसूल करणारा माणूस घरोघर फिरून लिहून घेई: २१ वर्षांवरचे गोरे पुरुष किती, १६ ते २१ मधले किती, घोडे किती, गुलाम किती, जमीन किती एकर, कुठल्या ओढ्याच्या काठी. ही जमीन मुळात कुणाच्या नावानं मोजली गेली होती तेही. वर्षामागून वर्ष या याद्या वाचल्या की एक मुलगा १६ ते २१ च्या रकान्यात येतो, काही वर्षांनी स्वतःच्या नावानं यादीत उतरतो, बापाचं नाव गळतं आणि त्याजागी आईचं येतं. कोरड्या आकड्यांतून एक घर वाढताना आणि मोडताना दिसतं. एके ठिकाणी म्हातारीच्या नावापुढं फक्त एक घोडा आणि जमीन शून्य होती. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

जमिनीचे कागद हा केंटकीचा सगळ्यात मोठा खजिना, आणि सगळ्यात मोठा घोळही तोच. आधी सरकारनं मोजणी करून मग जमीन वाटली असं झालं नाही. ज्यानं त्यानं आपल्याला हवा तो तुकडा निवडायचा, तिथल्या झाडांच्या, दगडांच्या, ओढ्यांच्या खुणांवरून चतुःसीमा सांगायची आणि हक्काची नोंद करायची. पांढऱ्या ओकपासून सुरुवात, तिथून अमुक दिशेला इतके पोल, मग दोन साखर-मेपलची झाडं. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. झाड पडलं की हद्द गेली. एकाच जमिनीवर दोघातिघांचे हक्क चढले आणि कोर्टकचेऱ्या पिढ्यान्पिढ्या चालल्या. डॅनियल बूननं स्वतः मोजणीदार म्हणून काम केलं, आणि स्वतःच्या जवळजवळ सगळ्या जमिनी गमावून १७९९ साली तो मिसुरीला निघून गेला. १८२० साली तो तिकडेच वारला.

पण त्या खटल्यांत म्हाताऱ्या वसाहतवाल्यांच्या साक्षी आहेत: १७७६ साली या झऱ्यापाशी कोण उतरलं होतं, झाडावर नाव कुणी कोरलं, बरोबर कोणाचा भाऊ होता. शिवाय मोजणीच्या प्रत्येक कागदावर जमीन मोजायची साखळी धरणाऱ्यांची नावं असतात. साखळी धरायला माणूस सहसा घरचा किंवा शेजारचाच घेत. अशाच एका कागदावर आमच्या शेतकऱ्याच्या बापाचं नाव सापडलं, बून्सबरोजवळच्या ऑटर क्रीकच्या काठी, साखळी धरणारा म्हणून.

तो बून नव्हता, आणि बून घराण्याशी त्याचं रक्ताचं नातं दाखवणारा एकही कागद मला मिळालेला नाही. तो त्या गढीच्या आसपास राहिलेला माणूस होता. ‘आम्ही बूनबरोबरचे’ या वाक्याचं तीन पिढ्यांत ‘आम्ही बूनचे’ झालं असावं असं मला वाटतं. सासूबाईंना सांगताना मला संकोच वाटला. त्या म्हणाल्या, “मग तो माणूस कोण होता ते शोध. त्याच्याबद्दल तर कुणीच काही लिहिलेलं नाही.”

त्याच्या घरची सगळी माणसं शोधायची तर कागदांनी ज्यांना नाव दिलं नाही त्यांनाही शोधावं लागतं. १८५० आणि १८६० साली गुलामांची वेगळी यादी झाली. तिच्यात मालकाचं नाव आहे आणि त्याखाली गुलामांचं वय, लिंग, रंग. नाव नाही. आमच्या शेतकऱ्याच्या नावाखाली तीन ओळी आहेत: एक बाई आणि दोन मुलं. बूनच्या गोष्टीतही ही माणसं आहेत. १७७३ साली डॅनियलचा थोरला मुलगा जेम्स हालहाल करून मारला गेला, तेव्हा अॅडम नावाचा गुलाम लपून राहिला आणि काय घडलं ते त्यानं येऊन सांगितलं. १७७५ साली रस्ता खोदणाऱ्या तुकडीवर हल्ला झाला त्यात सॅम नावाचा गुलाम मेला. मंक एस्टिल नावाचा गुलाम बून्सबरोत बंदुकीची दारू बनवत असे. १७८२ साली त्याला स्वातंत्र्य मिळालं. गुलामांच्या वंशजांना १८७० च्या, म्हणजे त्यांची नावं पहिल्यांदा लिहिणाऱ्या जनगणनेपलीकडे जाणं किती अवघड जातं, याची मला आता थोडी कल्पना आली आहे. तीन ओळींतली ती बाई आणि मुलं मला शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीत भेटली. गाईगुरं आणि नांगर यांच्या मधे त्यांची नुसती पहिली नावं आणि पुढं डॉलरमध्ये किंमत. ती नावं मी आमच्या वंशवृक्षाच्या पानावर, काउंटी आणि साल देऊन ठळक लिहिली आहेत. कुणी त्यांना शोधत येईल तर त्याला ती दिसायला हवीत.

आणि ही जमीन मोकळी नव्हती. शॉनी आणि चेरोकी या मूळ रहिवाशांचं ते शिकारीचं रान. १७७५ साली रिचर्ड हेंडरसन या जमीन-व्यापाऱ्यानं काही चेरोकी प्रमुखांकडून ती ‘विकत’ घेतली, तेव्हा ड्रॅगिंग कनू या तरुण चेरोकी नेत्यानं विरोध केला होता. शॉनींना तर कुणी विचारलंच नाही. १७७८ साली शॉनींनी डॅनियलला पकडलं, आणि ब्लॅकफिश या प्रमुखानं त्याला मुलगा म्हणून दत्तक घेतलं. शेल्टोवी, म्हणजे मोठं कासव, असं त्याचं नाव ठेवलं. काही महिन्यांनी तो पळून आला. इथल्या कुटुंबांच्या वंशावळीत या दत्तक बापाला जागा नसते. मी ठेवली असती.

घरातल्या बायकांपर्यंत पोचायला वेगळाच रस्ता लागतो. लग्नानंतर माहेरचं आडनाव पुसलं जातं. आपल्याकडच्या जुन्या कुलवृत्तांतांतही सुनेचं माहेर कित्येकदा सापडत नाही. पण केंटकीत जमीन विकताना बायकोचा तिच्यावरचा हक्क सोडवून घ्यावा लागे, आणि त्यासाठी तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारत, की तू हे राजीखुशीनं करतेस ना? अशाच एका खरेदीखतात आमच्या साखळीवाल्याच्या बायकोचं पहिलं नाव मिळालं. आडनाव नाही.

लग्नाआधी नवरदेवाला जामीनपत्र लिहून द्यावं लागे, आणि जामीनदार बहुतेकदा मुलीचा बाप नाहीतर भाऊ असे. मॅडिसन काउंटीच्या जामीनपत्रांत त्या पहिल्या नावाची एक नवरी आहे आणि नवरदेवाचं नाव आमच्याच माणसाचं. जामीनदाराची सही धुरकट आहे, मायक्रोफिल्मवर नीट लागत नाही. पण आडनावाची पहिली चार अक्षरं ऑटर क्रीकच्या त्याच मोजणीत दुसरं टोक धरणाऱ्या माणसाच्या आडनावाशी जुळतात. आता कोर्टहाऊसमधून मूळ कागदाचा चांगला फोटो मागवला आहे. तो आला की त्या माणसाचं मृत्युपत्र काढायचं आणि त्यात या नावाची मुलगी आहे का ते पाहायचं. सासूबाई रोज संध्याकाळी फोन करून विचारतात, आला का?