तुम्ही विचारलंत म्हणून: 59 की 60?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. "काका, जन्मभर क्रिकेटच्या कांगा लीगचं स्कोअरबुक लिहिलंत, आणि आता त्या 1884 मधल्या बेसबॉलवाल्याचं काय घेऊन बसलात?" विचारणारा उत्तराला थांबत नाही. चहा आला की विषय बदलतो. म्हणून एकदा लिहूनच टाकतो, की त्या माणसाने एका हंगामात 59 सामने जिंकले की 60.

लेक अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला असते. तिच्याकडे सहा महिने होतो, त्यातले चार बर्फाचे. मी घरभर येरझाऱ्या घालतोय हे बघून जावयांनी त्यांच्या गावच्या जुन्या संघाच्या आकड्यांचा तक्ता पुढ्यात ठेवला. प्रॉव्हिडन्स ग्रेज, साल 1884. त्यात चार्ल्स रॅडबर्न नावाच्या पिचरपुढे, म्हणजे त्यांच्या गोलंदाजापुढे, 'टाकलेल्या इनिंग' या रकान्यात 678.2 असा आकडा. मी म्हटलं, "हे दोन दशांश नव्हेत, दोन बाद." जावई बघतच राहिले. अहो, आपण 12.4 षटकं लिहितो तेच की हे! त्यांच्या एका इनिंगमध्ये तीन गडी बाद होतात, म्हणून टिंबाच्या पुढे फार तर दोन. हा तक्ता घडवणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा आणि क्रिकेटच्या बातम्या देणारा, हे नंतर कळलं. परक्या घरात शिरावं आणि भिंतीवर आपल्याच आजोबांचा फोटो दिसावा, तसं झालं.

मग पेन्सिल घेऊन गुणाकार केला. 678 त्रिक आणि वर दोन, म्हणजे 2036 बाद. एका माणसाच्या हातून, एका हंगामात. सुरू केलेले सामने 73, आणि पूर्ण केलेलेही 73.

आता हे झालं कसं ते ऐका.

संघाकडे मुख्य पिचर दोनच. रॅडबर्न 29 वर्षांचा, तिरसट. टोपणनाव 'ओल्ड हॉस', म्हणजे म्हातारा घोडा. दुसरा चार्ली स्वीनी, 21 वर्षांचा, देखणा हात. त्याने 7 जूनला बॉस्टनच्या 19 जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे बॅटला नीट लागूच न देता घरी पाठवलं. एका म्यानात दोन तलवारी. धुसफुस सुरू झाली, आणि जुलैच्या मध्यात एका हरलेल्या सामन्यानंतर क्लबने रॅडबर्नला निलंबित केलं.

22 जुलैचा सामना मी मनातल्या मनात कितीदा लिहिला असेन. समोर फिलाडेल्फिया. त्यांचा मॅनेजर हॅरी राइट, शेफील्डला जन्मलेला, क्रिकेट व्यावसायिकाचा मुलगा, आणि आदल्याच वर्षी प्रॉव्हिडन्सचा मॅनेजर. ग्रेज 6-2 ने पुढे. स्वीनी प्यायलेला. मॅनेजर फ्रँक बॅनक्रॉफ्टने सांगितलं, तू राइट फील्डला, म्हणजे उजवीकडच्या सीमेकडे, जा, तिथला मिलर टाकेल. तेव्हा दुखापत झाल्याशिवाय बाहेरचा गडी आत घेता येत नसे. पिचर बदलायचा तर मैदानातल्याच दोघांनी जागा बदलायच्या. स्वीनीने जागा बदलली नाही. तो सरळ मैदान सोडून गेला. उरले आठ. मिलर राइट फील्डवरून येऊन टाकायला लागला, मागे एवढं मोठं आउटफील्ड आणि राखायला दोघंच. सामना 10-6 ने गेला.

स्वीनीला काढून टाकलं. तो तिसऱ्याच एका लीगमध्ये, सेंट लुईसला, जाऊन खेळू लागला. संघच गुंडाळायची भाषा सुरू झाली. तेव्हा रॅडबर्न म्हणाला, उरलेला हंगाम मी ओढतो, पण जादा पैसे द्या आणि शेवटी मला करारातून मोकळं करा. आणि ओढला. एकामागून एक 18 सामने जिंकले. सांगतात, सकाळी केस विंचरायलाही हात वर होत नसे. मैदानावर आधी दोन-चार पावलांवरून चेंडू टाकायचा, मग हळूहळू मागे सरकायचा. तेव्हा पिचर 50 फुटांवरून टाकत असे, आज 60 फूट 6 इंचांवरून. कमी अंतर, म्हणून सोपं, असं कट्ट्यावर एकाने म्हटलं. त्याला म्हटलं, तू लागोपाठ दोन दिवस नेटमध्ये दहा-दहा षटकं टाक, मग बोलू. ग्रेज 84 जिंकून पहिले आले. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या लीगच्या विजेत्यांशी, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन्सशी, तीन सामने झाले. तिन्ही रॅडबर्ननेच टाकले आणि तिन्ही जिंकले. तिसऱ्यात तर अंपायर म्हणून न्यूयॉर्कचाच पिचर टिम कीफ उभा होता. आणि मोकळा झालेला हा घोडा पुढच्या वर्षी परत तिथेच खेळला, हे वेगळंच.

त्याच हंगामात शिकागोच्या नेड विल्यमसनने 27 होम रन, म्हणजे त्यांचे षटकारच, मारले. हा विक्रम 1919 मध्ये बेब रूथने मोडेपर्यंत टिकला. शिकागोच्या मैदानाची कुंपणं इतकी जवळ होती, की आदल्या वर्षी ती ओलांडलेला फटका फक्त दोन बेसचा, म्हणजे अर्ध्याच फेरीचा, धरत. 1884 मध्ये नियम फिरला. 27 मधले 25 घरच्या मैदानावर! आपल्याकडे गल्लीत भिंतीपलीकडे गेला की आउट असतं, तेच बरं.

पण तक्त्यात दिसत नाही असं एक आहे. टोलेडो संघाचा कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, मोझेस फ्लीटवुड वॉकर, काळा माणूस. कॅचर बोटांनी खुणा करतो, त्याप्रमाणे पिचर टाकतो. त्यांचा पिचर टोनी मुलेन वॉकरच्या खुणा बघतच नसे, मनाला येईल ते टाकी. हे त्याने पुढे स्वतःच कबूल केलं. कुठला चेंडू येणार हे माहीत नसताना, तेव्हाच्या जवळजवळ उघड्या हातांनी, तो झेलायचा. निसटला की 'पास्ड बॉल' म्हणून वहीत नोंद वॉकरच्या नावावर. त्या वर्षी वॉकर 42 सामने खेळला. पुढे मोठ्या लीगची दारं काळ्या खेळाडूंना बंद झाली, ती थेट 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सनसाठी उघडली. मला आपले दलित गोलंदाज पालवणकर बाळू आठवले. पुण्यात त्यांच्या विकेट्स वहीत बिनचूक चढत होत्या, आणि चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या भांड्यात.

आता 59 की 60. रॅडबर्नचे विजय काही ठिकाणी 60 छापतात, काही ठिकाणी 59. भांडण एकाच सामन्याचं आहे, 28 जुलैचं. सुरुवात मिलरने केली, पाच इनिंग टाकल्या, संघ पुढे होता. मग रॅडबर्न आला आणि संघ 11-4 ने जिंकला. जुने लोक विजय रॅडबर्नला देतात. आजच्या नियमाने तो मिलरचा.

एकदा कांगा लीगमध्ये पावसाच्या भुरभुरीत एका बदली पोराने पॉइंटला आडवा झेपावून झेल घेतला होता. मी सवयीने 'कॉट सब' लिहून मोकळा. सामना संपल्यावर तो पोरगा तसाच चिखलाने भरलेला टेबलाशी आला, वही आपल्याकडे वळवली, बोट खाली नेत नेत शोधलं आणि म्हणाला, "काका, माझं नाव कुठाय?" मी पेन्सिलीने कंसात त्याचं नाव घातलं. पान ओलं होतं, नाव फरकटलं.

तेव्हा माझ्या वहीत 59. रॅडबर्नला त्या एकाने काय फरक पडतो? साठावा मिलरचा. सहा दिवसांपूर्वी आठ माणसांत चेंडू हातात घेतला होता, तोच हा मिलर, आणि समोर तेच फिलाडेल्फिया.