कुणाची गं तू?

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

डबा अजून ओट्यावरच आहे. आज आठवा दिवस. घासून पालथा घातलाय. येता-जाता मी त्याच्याकडे बघते आणि तो माझ्याकडे. एवढ्याशा प्लास्टिकच्या डब्याने माणसाला किती छळावं!

गेल्या शनिवारी राखीपौर्णिमा होती. दादाला व्हिडिओवर ओवाळायचं ठरलं होतं, ते लेकीच्या बँडपायी राहिलं. शाळेचा बँड बड बिलिकेनच्या मिरवणुकीत आहे, पालकांपैकी दोघांनी पाण्याच्या बाटल्या घेऊन बरोबर यावं, अशी चिठ्ठी आली होती. दोघांतली एक मी. दुसरे आलेच नाहीत. ते नेहमीचंच, त्यावर शाई घालवत नाही.

अकरा वर्षं आम्ही शिकागोच्या हाइड पार्कात राहतो. दर ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी पश्चिमेकडून ढोल ऐकू येतात. वॉशिंग्टन पार्क ओलांडलं की किंग ड्राइव्ह, पायी गेलं तरी पोचता येतं. पण शनिवारी सकाळी माझं आईशी बोलणं असतं, म्हणून मी अकरा वर्षं त्या ढोलांवर खिडकी लावून घेत आले. आणि ‘आपले’ ढोल ऐकायला मात्र तासभर गाडी हाकत उपनगरात जाते, टोल भरून.

तर पहिल्यांदाच गेले. बिलिकेन कोण हे मला आदल्या रात्री लेकीने सांगितलं. कुणीच नाही! शिकागो डिफेंडर या काळ्या लोकांच्या वर्तमानपत्रात १९२३ पासून मुलांचं पान निघायचं, त्याच्या संपादकाचं ते टोपणनाव. पेपर विकणाऱ्या पोरांना एक दिवस मिरवायला मिळावं म्हणून ॲबट या मालकाने १९२९ मध्ये मिरवणूक काढली, ती यंदा ९६वी. जो माणूस नव्हताच त्याच्या नावाने एवढी माणसं रस्त्यावर येतात. आपल्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही म्हणा.

आदल्या रात्रीपासून लोक दोऱ्या बांधून जागा धरतात. सकाळी बघावं तर तंबू, घडीच्या खुर्च्या, बर्फाच्या पेट्या, शेगड्यांचा धूर. लाकडी बंदुका हवेत भिरकावून झेलणारी पोरं, चकचकीत कपड्यांतल्या नाचणाऱ्या मुली, आणि त्यांच्या बाजूने रस्त्याच्या कडेने पळत ‘गुडघे वर! गुडघे वर!’ ओरडणाऱ्या त्यांच्या आया. या आयांकडे बघून मला जरा बरं वाटलं. आया कुठेही आयाच.

आमच्या बँडचा नंबर लागायला दीड-दोन तास होते. मी पुढे ४७व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले, दोन्ही हातांत बाटल्यांच्या पिशव्या. तिथे एका तंबूत एकसारख्या जांभळ्या टीशर्टातली पंधरा-वीस माणसं होती, पाठीवर घराण्याचं आडनाव छापलेलं. मधोमध एक आजी. तिने माझ्याकडे पाहिलं, पायाने बर्फाची पेटी सरकवली, शेजारच्या खुर्चीतल्या दांडगट नातवाला उठवलं आणि खुर्चीवर थाप मारली. ‘बस, बेबी.’

बेबी! आमच्याकडे बेबी म्हणजे आत्या. बसले.

मग तिने विचारलं, ‘हू युअर पीपल?’

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, मी बँडबरोबर आलेय. शाळेचा बँड. टीशर्टावरची अक्षरंसुद्धा दाखवली, हॉलवेमध्ये पकडलेल्या पोराने पास दाखवावा तशी. ती हसली. म्हणाली, ‘ते झालं कुणाबरोबर आलीस. मी विचारते, कुणाची आहेस.’

आणि मला काही बोलता येईना.

भारतातली, म्हणू? महाराष्ट्रातली? कोण ओळखतंय. नवऱ्याचं नाव सांगू? बाबांचं? बाबांना जाऊन चार वर्षं झाली. मी नुसती हसले. तिनेही फार ताणलं नाही. बाईला माणसाची लाज ओळखता येत होती. ती मला तिची माणसं दाखवायला लागली, आपल्याकडे लग्नात मांडवात बसून दाखवतात तशी. ही बहिणीची नात, परिचारिका झालीय. तो जावई, त्याला मीठ कमी दे. तिचे वडील मिसिसिपीहून आले ते इलिनॉय सेंट्रलच्या गाडीने, बाराव्या रस्त्याच्या स्टेशनात उतरले. बरोबर बुटांच्या खोक्यात तळलेली कोंबडी, कारण गाडीतल्या भोजनाच्या डब्यात काळ्या माणसाला बसता येत नसे. पहिल्या रात्री ज्या घरी झोपले त्या घरात फक्त एवढंच विचारलं, हू युअर पीपल. त्यांनी आजोळचं नाव सांगितलं आणि सतरंजी मिळाली. याच कोपऱ्यावर वडील उभे राहायचे, म्हणून आम्ही याच कोपऱ्यावर. ‘आम्ही हलत नाही,’ म्हणाली.

इतक्यात बँड आला. मी पिशव्या उचलून धावले. तिने मागून हाक मारून हातात डबा कोंबला. पीचचा कॉबलर, म्हणजे फळांवर पिठाचा थर देऊन भाजलेलं गोड, अजून कोमट. झाकणावर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर काळ्या शाईत ते आडनाव. नाव विचारायचं राहिलं, पत्ता राहिला, नीट आभारसुद्धा मानले नाहीत.

घरी येऊन कॉबलर खाताना मला रडू आलं. उगाच. अकरा वर्षांत मला इथे व्हिसा विचारला, उच्चार विचारला, ‘खरी कुठली’ असंही शंभरदा विचारलं, पण कुणाची म्हणून कुणी विचारलं नव्हतं. शेवटचं कुणी विचारलं असेल? गावी. एसटीतून उतरलं की पाराजवळ एखादी बाई डोक्यावरचा भारा सावरत विचारायची, ‘कुणाची गं तू?’ मी म्हणायचे, ‘वाड्यातली.’ आणि ती बाजूला सरून वाट द्यायची. किती बरं वाटायचं. सगळं गाव आपलं.

सोमवार, मंगळवार मी या गोड दुःखात काढले. बुधवारी रात्री जाग आली ती त्या बाईच्या बाजूला सरण्याने.

ती का सरायची?

आजीनेही पेटी सरकवली, नातवाला उठवलं, मला शेजारी बसवलं. पाराजवळची बाई सरायची ती मला बसवायला नव्हे. तिच्या डोक्यावर भारा, माझ्या हातात रिकामी शबनम, आणि वाट कुणाला मिळायची तर मला. शिवाय तिला मी कधी विचारलं नाही, तू कुणाची. विचारायची गरज नव्हती. ती कुठून चालत आली त्या दिशेवरूनच कळायचं. तेव्हा मी दहा वर्षांची होते हे खरं. आता एकेचाळीस.

हे कुणाला सांगावं? ह्याला सांगितलं तर म्हणेल, अगं झोप.

गुरुवारी कामावरून लवकर निघाले. किंग ड्राइव्हवर उत्तर टोकाला, २६व्या रस्त्यापाशी एक पुतळा आहे, ॲलिसन सार या शिल्पकर्तीचा, १९९६ मधला. अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेला आलेल्या काळ्या लोकांचं स्मारक. कांशाचा माणूस, हातात दोरीने आवळलेली बॅग, दुसरा हात वर. गाडीतून कितीदा दिसलाय. जवळ गेल्यावर कळलं, त्याचा अख्खा सूट बुटांच्या झिजलेल्या तळव्यांचा आहे. एकाशेजारी एक तळवे, खवल्यांसारखे. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख माणसं अशी दक्षिण सोडून निघाली. डिफेंडर त्यांना सांगायचा, या, इथे काम आहे. तो अंक दक्षिणेत उघड वाचणं धोक्याचं, म्हणून आगगाडीवरचे काळे पोर्टर गठ्ठे लपवून न्यायचे, आणि एक अंक इतके जण वाचायचे की अक्षरं पुसायची. मी पुतळ्याच्या कठड्यावर बसून चप्पल काढली आणि माझा तळवा पाहिला. तीन महिन्यांची चप्पल. हसू आलं. माझी बॅग चाकांची होती, विमानतळावर घ्यायला ह्याची कंपनी आली होती. कुठल्या तोंडाने मी त्या प्रश्नावर रडत होते?

काल तो डबा घेऊन साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटरला गेले. डोकं चालेना म्हणून. म्हटलं, जुनी जागा, कुणीतरी आडनाव ओळखेल. टेबलाशी बसलेल्या बाईंनी झाकण वाचलं आणि मनापासून हसल्या. ‘या आडनावाची दक्षिण बाजूला किती घरं असतील, कल्पना आहे का?’ देशपांड्यांचा पत्ता पुण्यात विचारावा तसं झालं माझं.

पण गेले ते बरं झालं. मिशिगन रस्त्यावरचं जुनं श्रीमंत घर, १९४० पासून कलाकेंद्र. मंदीच्या काळात सरकार म्हणालं, आम्ही चालवायला मदत करू, इमारत तुमची तुम्ही उभी करा. मग लोकांनी ‘मैलभर डाइम’ नावाची वर्गणी काढली. मार्गारेट बरोज तेव्हा विशीतली पोरगी, ३९व्या रस्त्याच्या नाक्यावर डबा घेऊन दहा-दहा सेंट गोळा करायची. मिरवणूक निघते तोच नाका. पुढे याच बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने १९६१ मध्ये स्वतःच्या घरात संग्रहालय सुरू केलं, तेच आमच्या घराजवळचं ड्यूसेबल. त्याच्या दारावरून मी रोज बसने जाते. कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स याच केंद्रातल्या कवितेच्या वर्गाला यायच्या, १९५० चं पुलित्झर त्यांना मिळालं, आणि ते कुणाही काळ्या लेखकाला मिळालेलं पहिलं.

खालच्या दालनाच्या भिंती लाकडी फळ्यांच्या, आणि त्या फळ्यांना खिळ्यांची भोकंच भोकं. ऐंशीहून अधिक वर्षांतल्या प्रदर्शनांची. बुजवली नाहीत, मुद्दाम ठेवलीत. मी बोटाने एक-दोन चाचपली. मंडळात आमच्या सजावटीसाठी शाळेचा हॉल भाड्याने घेतो, करारात लिहिलेलं असतं, भिंतीला टाचणी लावायची नाही. आम्ही चिकटपट्टी लावतो आणि रात्री खरवडून काढतो. सकाळी कुणाला कळूही नये आम्ही होतो म्हणून.

परत येताना बसमध्ये डबा मांडीवर. ते आडनाव. कोणे एके काळी हे आडनाव गुलाम राबवणाऱ्या कुणा शेतमालकाचं असणार. इथल्या कितीतरी काळ्या घरांत ते तसंच आलंय, म्हणून तर माल्कम या काळ्या पुढाऱ्याने आडनाव टाकून एक्स लावला. पण आजीच्या लोकांनी तेच आडनाव जांभळ्या टीशर्टावर छापून घेतलं, डब्यावर लिहिलं. आता ते त्यांचं. आणि आमच्याकडे आडनाव…

हे लिहायचं टाळत आलेय. गेल्या दिवाळीला मंडळात तो मुलगा आला होता. नवा, नागपूरकडचा, इंजिनिअरिंगला. नुसतं नाव सांगितलं त्याने. मी हसत विचारलं, ‘आडनाव काय रे?’ त्याने सांगितलं. मी म्हटलं, ‘अच्छा, अच्छा,’ आणि अनारसे आणायला आत गेले. एवढंच. मी काही म्हटलं नाही. पण दुसरं ‘अच्छा’ का म्हटलं? पहिल्याने भागलं असतं. गणेशोत्सवाच्या यादीत त्याचं नाव नाही, मी कालच पाहिलं.

आम्ही राहतो त्या भागात एके काळी घराच्या खरेदीखतातच लिहिलेलं असे, काळ्या माणसाला विकू नये, भाड्याने देऊ नये. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, असल्या अटी कोर्ट अमलात आणणार नाही. निदान कागदावर होतं, खोडता आलं. पुण्यात ताईने फ्लॅट भाड्याने दिला तेव्हा कागदावर काहीच नव्हतं. असो.

लेकीचा इतिहासाचा प्रकल्प होता मागे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये इथले काळे विचारवंत ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं होतं आणि ड्युबॉइसनी उत्तरही पाठवलं होतं, हे मला तिने सांगितलं. इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेल्या आईला. दलित पँथर हे नाव इथल्या ब्लॅक पँथरवरून आलं, एवढं मात्र मला माहीत होतं, कारण वाड्यात तो शब्द आवाज खाली आणून उच्चारायचे.

आज सकाळी त्या मुलाला निरोप टाकला. तीनदा लिहून तीनदा पुसला. शेवटी लिहिलं, २७ ला गणपती आहेत, ये. माफी मागावी तर कशाची, दुसऱ्या ‘अच्छा’ची? तो म्हणेल, काकू, मला आठवतही नाही. किंवा त्याला चांगलंच आठवत असेल. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. न देवो. त्याने काय माझं मन हलकं करायचा मक्ता घेतलाय?

यादीच्या तक्त्यात नाव, आडनाव, मूळ गाव असे रकाने आहेत, मीच आखलेले. आडनावाचा काढून टाकला. मग आठवलं, तीन सुनीता आणि पाच अमित आहेत. परत घातला. क्रांती अशी पाऊण मिनिट टिकली.

डब्याचं मात्र ठरलं. रिकामा डबा परत देत नाहीत. पत्ता नाही, पण कोपरा आहे, आणि ती माणसं हलत नाहीत. पुढच्या ऑगस्टचा दुसरा शनिवार, ४७वा रस्ता. शंकरपाळे नेईन, उन्हात टिकतात. ती विचारेलच. काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. ‘वाड्यातली’ नाही, एवढं नक्की.

मघाशी झाकण घासताना चिकटपट्टी भिजू नये म्हणून बाजूबाजूने बोट फिरवत होते. हा पाणी प्यायला आला.

‘आठवडाभर बघतोय, हा डबा कुणाचा?’

‘वाच की,’ म्हटलं, ‘लिहिलंय.’