काचेमागचा ऐवज

साध्या फ्रेममध्ये फोटो बसतो आणि शॅडो बॉक्समध्ये वस्तू. वस्तूला जाडी असते म्हणून चौकट दोन-तीन इंच खोल, एवढाच काय तो फरक. पण तेवढ्याने सगळा मामला बदलतो. वस्तू मागच्या कापडापासून जरा सुटी उभी राहते, तिची सावली पडते, आणि सकाळी एका अंगाला झुकलेली सावली संध्याकाळी भलतीकडेच सरकलेली असते. फोटोला हे कुठून जमणार?

आमच्या बॉक्समध्ये आजीचं शिवणाचं सामान आहे: अंगुस्तान (शिवताना बोटात घालायची टोपी), दोन बॉबिन, खडूचा तुकडा, आकडे पुसट झालेली टेप आणि बाहीचा एक कागदी नमुना. त्यातलं अंगुस्तान अगदी जवळ जाऊन बघावं असं आहे. सुईचं मागचं टोक निसटू नये म्हणून त्यावर बारीक खळगे असतात. ते एकाच बाजूला झिजून सपाट झालेत आणि तिथेच एका जागी सुईने आरपार भोक पाडलंय. आजी सुई बोटाच्या कुठल्या अंगाने रेटायची ते त्यावरून कळतं. बसवताना हीच बाजू पुढे घेतली. दुसरी बाजू चकचकीत आहे, दिसायलाही छान, पण तशी चकचकीत बाजू कुठल्याही अंगुस्तानाला असते.

कात्री मात्र आत घातली नाही. घरातल्या सगळ्यांना ती हवी होती, मधोमध, पाती उघडी ठेवून. मांडून पाहिली तेव्हा मुठीच्या दोन गोल सावल्या फार सुरेख पडल्या, हेही खरं. तेवढ्यात भाचीने विचारलं, "आत्या, ही कापते का अजून?" कागदावर चालवून पाहिली, तर झकास कापली. "मग आत कशाला कोंडतेस?" विषय तिथेच संपला. कात्री आता स्वयंपाकघरात पिशव्या कापते. आजीला ते आवडलं नसतं, तिची कात्री कापडाखेरीज कशालाही लावायची सोय नव्हती. पण धडधाकट वस्तूला काचेमागे बसवणं मला त्याहून वाईट वाटतं.

अमेरिकेतल्या जोसेफ कॉर्नेलची (१९०३–१९७२) आठवण इथे येतेच. कलेचं रीतसर शिक्षण नसलेला हा माणूस जुन्या बाजारातून नकाशे, मातीचे पाइप, काचेचे पेले असलं काहीबाही गोळा करायचा आणि काच लावलेल्या पेट्यांमध्ये मांडायचा. त्याच्या काही पेट्यांमध्ये वाळू किंवा चेंडू होते. पेटी हातात घेऊन कलती केली की वाळू ओघळावी, चेंडू घरंगळावा. आता त्या पेट्या संग्रहालयांत आहेत, म्हणजे हात लावायची सोय नाही आणि वाळू जागच्या जागी. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियन कॉलेजमध्ये खास मुलांसाठी त्याचं प्रदर्शन झालं, तेव्हा पेट्या मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावल्या होत्या. घरातही बॉक्स लावताना बघणारा कोण आहे ते आधी ठरवावं. आपण सवयीने खिळा फार वर ठोकतो.

बाकी काच लावली की वस्तू जपली गेली, असं वाटतं खरं, पण काच फक्त धूळ अडवते. प्रकाश आत जातोच आणि त्याने उडालेला रंग परत येत नाही. आज थोडा, उद्या थोडा, असा हिशेब साचत जातो. कापड आणि कागद मांडताना संग्रहालयं प्रकाश साधारण ५० लक्सवर (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ठेवतात. भर दुपारचं थेट ऊन एक लाख लक्सच्या घरात जातं. अतिनील किरण अडवणारी काच मिळते, तिने नुकसान कमी होतं, थांबत नाही. म्हणजे ड्रॉवरमध्ये विसरलेली टेप भिंतीवरच्या टेपपेक्षा जास्त टिकणार! बघायची हौस असेल तर वस्तू थोडी थोडी खर्च होणार, हे मान्य करायचं आणि निदान उन्हाची भिंत टाळायची.

पाठीला साधा पुठ्ठा नको. त्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि कागद पिवळा, ठिसूळ होतो. आम्लमुक्त बोर्ड घ्यावा, त्यावर सुती कापड ताणून बसवावं. चांदीची वस्तू असेल तर लोकर आणि रबर लांब ठेवावं, त्यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते. ग्लू गनवर माझा मुळीच भरवसा नाही. तो गोंद उन्हाळ्यात मऊ पडतो आणि एके दिवशी वस्तू काचेच्या तळाशी लोळताना दिसते. शिवाय सोडवताना पृष्ठभाग खरवडला जातो तो वेगळाच. आजीचं सगळं सामान टाके घालूनच बसवलंय. बॉबिनच्या भोकातून दोरा, टेपला कडेने आडवे टाके, अंगुस्तानाला मागून नायलॉनच्या तारेचा वेढा. कात्रीने दोरा कापला की वस्तू जशीच्या तशी हातात.

पाठ स्क्रूने बसवावी, चिकटवून बंद करू नये; बॉबिन बाहेर काढून तिथे दुसरं काही लावावंसं वाटेल, आजीला ओळखणारं कुणी आलं तर अंगुस्तान बोटात घालून बघायचं असेल. आणि कुठली वस्तू कुणाची, ते पाठीमागे लिहून ठेवावं. पेन्सिलीने लिहावं, शाई फुटते.