टका कुठं केवढा?

शंभराची नोट उलटी करून बघा कधी. मागच्या बाजूला १५ भाषांची बारीक यादी असते, त्यात पहिल्या दोन ओळी आसामी आणि बंगाली, आणि पुढं मराठीच्याही खाली ओडिया. या तिघांनी रुपया लिहिलेलाच नाही, तिथं टका किंवा टंका आहे. कोलकात्यात रुपयालाच टका म्हणतात, आणि पलीकडं बांगलादेशानं १९७२ साली आपल्या चलनाचंच नाव टाका ठेवलं.

आता जरा पश्चिमेला या म्हणजे टक्याची घसरण बघायला मिळते. हिंदी पट्ट्यात टका म्हणजे दोन पैसे, रुपयाचे पैसे ६४ तेव्हाचे, म्हणून तर टके सेर भाजी टके सेर खाजा, आणि कुणाला 'दो टके का आदमी' म्हटलं की हाणामारीच. पोर्तुगीजांच्या गोव्यात एका रुपयाचे १६ तांगा, म्हणजे आपला आणा. आणि आपण मराठी आणि गुजराती लोक, आपण तर नाणं कधीच सोडून दिलं आणि टक्का म्हणजे डायरेक्ट शंभरातला एक! मुंबईत मराठी टक्का घसरला म्हणून आपण दर निवडणुकीला रडतो, पण खुद्द टक्काच बंगालपासून इथवर किती घसरलाय ते बघा.

मूळचा टंका तसा खानदानी, दिल्लीच्या सुलतान इल्तुतमिशच्या काळातलं जवळपास ११ ग्रॅम चांदीचं नाणं. पुढं १३३० च्या आसपास मुहम्मद तुघलकानं पितळ-तांब्याचा टंका काढला आणि फर्मान सोडलं की हा चांदीचाच समजायचा. आपल्या दौलताबादच्या टांकसाळीतही तो पाडला जायचा. त्या नाण्यावरचा मजकूर मला फार आवडतो, 'जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो ईश्वराची पाळतो' असं अरबीत कोरलेलं, म्हणजे धातूत दम नाही तर देवाचं नाव पुढं करा. लोकांनी काय केलं, तर पितळ घेऊन घरातच टंके पाडायला सुरुवात केली, घरोघरी टांकसाळी झाल्या असं बरनी या त्याच काळातल्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय. शेवटी सुलतानानं ती नाणी परत घेतली आणि बदल्यात खजिन्यातून खरी चांदी-सोनं मोजलं, बनावट आणून देणाऱ्यांचीही चंगळ. लहरी म्हणा, पण नोटबंदीच्या रांगेत उभं राहिलेल्यांना मी काय सांगणार!

कझाकस्तानच्या टेंगेचं नातंही याच घराण्याशी जोडतात. तिकडं तो पूर्ण चलन आहे, आणि शेजारच्या तुर्कमेनिस्तानात मात्र 'मनात' या तिथल्या चलनाचा शंभरावा भाग. म्हणजे आपल्यासारखे शंभरात एकवाले तिकडंही आहेत तर!

बाकी आपल्याकडं टक्क्याचा अजून एक अर्थ चालतो, तो ठेकेदारांना विचारा. 'साहेबांचा टक्का द्यावा लागतो' हे वाक्य ढाक्यात कुणाला ऐकवलं तर तो त्याचा अर्थ पैसे द्यावे लागतात असा घेईल, आणि काही चुकणार नाही त्याचं.