परराज्यातला हुकूमनामा आणि नाशिकची दरखास्त

माझ्या धाकट्या बहिणीचा घटस्फोट मध्य प्रदेशातील एका कुटुंब न्यायालयात झाला, कारण लग्नानंतर दोघे तिथेच राहत होते आणि अर्जही तिने तिथेच केला होता. निकालात घटस्फोटासोबत हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली दरमहा कायमस्वरूपी पोटगीही मंजूर झाली. तिचा पूर्वीचा नवरा मूळचा नाशिक जिल्ह्यातला, त्यामुळे निकालानंतर तो इकडे परतला आणि अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला लागला. बहीणही मुलीला घेऊन माझ्याकडे आली. पोटगीचे पैसे सुरुवातीला वेळेवर येत होते, नंतर ते थांबले. त्या वेळी ओळखीच्या जवळजवळ प्रत्येकाने आम्हांला एकच सल्ला दिला: तिकडचा निकाल इथे चालत नाही, नाशिकला नवा दावा लावा. हा सल्ला चुकीचा आहे. तो ऐकून वर्षे वाया घालवणाऱ्या बायका मी न्यायालयाच्या आवारात पाहिल्या, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २६१(३) मध्ये स्पष्ट म्हटले आहे की भारताच्या कोणत्याही भागातील दिवाणी न्यायालयाने दिलेल्या अंतिम निकालाची अंमलबजावणी देशात कुठेही, कायद्यानुसार, करता येते. त्यामुळे परराज्यातला हुकूमनामा (न्यायालयाच्या निकालाचा अधिकृत लेखी आदेश) म्हणजे परदेशातला हुकूमनामा नाही, आणि त्याला इथे पुन्हा सिद्ध करावे लागत नाही. विवाह संपुष्टात आल्याच्या भागाला तर कोणतीही अंमलबजावणी लागत नाही. अपिलाची मुदत उलटली किंवा अपील फेटाळले गेले की प्रमाणित नक्कल सर्वत्र पुरते. अडते ते पैशापाशी.

पैशासाठी पायरी असते ती हुकूमनामा हलवण्याची आणि मग इथे दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, देण्याची. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ३८ प्रमाणे हुकूमनाम्याची अंमलबजावणी तो देणारे न्यायालय करू शकते, किंवा ज्या न्यायालयाकडे तो पाठवला जातो ते करू शकते. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १८ मध्येही हेच सांगितले आहे. आता मूळ न्यायालयानेच नाशिकच्या माणसाचा पगार का थांबवू नये, असा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर कलम ३९(४) मध्ये आहे: आपल्या हद्दीबाहेरील व्यक्तीवर किंवा मिळकतीवर अंमलबजावणी करण्याचा अधिकार हे कलम मूळ न्यायालयाला देत नाही. म्हणून सामनेवाला (ज्याने पैसे द्यायचे तो) जिथे राहतो, नोकरी करतो किंवा त्याची मिळकत जिथे आहे, तिथल्या न्यायालयाकडे हुकूमनामा पाठवण्याचा अर्ज मूळ न्यायालयात करावा लागतो. याच संहितेच्या आदेश २१, नियम ५ प्रमाणे (पुढे येणारे नियमही याच आदेशातले) दोन्ही न्यायालये वेगवेगळ्या राज्यांत असली तरी हुकूमनामा थेट पाठवता येतो, मध्ये उच्च न्यायालय लागत नाही. तो इथे आला की कलम ४२ प्रमाणे इथल्या न्यायालयाला जणू आपणच तो हुकूमनामा दिला आहे इतके अधिकार मिळतात.

वाचायला हे सरळ आहे, पण प्रत्यक्षात सगळा जीव मूळ न्यायालयाकडून येणाऱ्या कागदांच्या पाकिटात असतो. नियम ६ प्रमाणे मूळ न्यायालयाने तीन कागद पाठवायचे असतात: हुकूमनाम्याची प्रत, आपल्या हद्दीत वसुली झाली नाही, किंवा काही झाली असल्यास किती झाली आणि किती बाकी आहे, याचा दाखला, आणि आधी अंमलबजावणीचा काही आदेश झाला असल्यास त्याची प्रत, झाला नसल्यास तसे प्रमाणपत्र. आमच्या पाकिटात लाखेच्या मोहरेखाली हुकूमनामा होता, लांबलचक निकालपत्रही होते, पण वसुलीचा दाखला नव्हता. नाशिकच्या कारकुनांनी एकेक पान उलटून पाहिले आणि शांतपणे सांगितले, "मॅडम, हुकूमनामा आहे, पण बाकी रकमेचा दाखला नाही. हा आल्याशिवाय दरखास्त पुढे जाणार नाही." त्यांचे म्हणणे बरोबर होते, कारण किती वसूल करायचे हे त्या एका कागदावरून ठरते. पाठवणाऱ्या कार्यालयाकडून तो राहून गेला होता आणि तेवढ्यासाठी वकिलांना तिकडे पुन्हा अर्ज द्यावा लागला. म्हणून ज्यांना हे करायचे आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पाकीट बंद होण्याआधी तिकडच्या वकिलांकडून तिन्ही कागदांची खात्री करून घ्यावी, बाकी रकमेचा महिनावार तक्ता स्वतः तयार करून द्यावा आणि निकाल हिंदीत असेल तर त्याचे मराठी भाषांतर हाताशी ठेवावे.

दरखास्त दाखल झाल्यावर मात्र कायद्याची बाजू पुष्कळ भक्कम आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असते. साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्तीपासून सुरक्षित असतात. पोटगीच्या हुकूमनाम्यात कलम ६० प्रमाणे फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो. म्हणजे पगार ३०,००० असेल तर साध्या देण्यासाठी सुमारे ९,६६७ रुपये जप्त होऊ शकतात, आणि पोटगीसाठी २०,००० पर्यंत. मुलांच्या आईला दिलेले हे झुकते माप मला अगदी योग्य वाटते. खासगी नोकरदाराच्या बाबतीत नियम ४८-अ लागू होतो आणि त्यासाठी पगार वाटणारा अधिकारी न्यायालयाच्या हद्दीत असावा लागतो. अंबडचा कारखाना नाशिकच्या हद्दीत असल्यामुळे आमचे काम सोपे झाले. सरकारी नोकर असेल तर नियम ४८ खाली ही हद्दीची अटही नाही. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही. घर किंवा जमीन जप्त करायची असेल तर नेमके वर्णन द्यावे लागते, तेव्हा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आधीच काढून ठेवावी. सामनेवाला काय आहे ते सांगतच नसेल, तर नियम ४१ खाली त्याच्याकडून मालमत्तेचे शपथपत्र मागता येते.

अपेक्षेप्रमाणे त्याच्याकडून हरकत आली. निकाल एकतर्फी झाला, रक्कम जास्त आहे, तिला आता नोकरी आहे, असे त्याचे म्हणणे होते. यातले काहीही दरखास्तीत तपासता येत नाही, कारण अंमलबजावणी करणारे न्यायालय हुकूमनाम्याच्या मागे जात नाही, म्हणजे तो बरोबर की चूक हे तपासत नाही. एकतर्फी निकाल रद्द करायचा असेल किंवा पोटगी बदलून घ्यायची असेल तर त्याने मूळ न्यायालयातच जायला हवे. नियम २६ खाली त्याला त्यासाठी थोडी सवड मिळू शकते, परंतु त्याआधी न्यायालयाने तारण मागायचे किंवा अटी घालायच्या असतात, आणि वकिलांनी तारणाचा आग्रह धरला पाहिजे.

ज्यांच्याकडे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा पोटगीचा आदेश आहे त्यांचा मार्ग वेगळा आणि जवळचा आहे. हे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले असून, जुने कलम १२८ आता १४७ आहे. त्यानुसार तो माणूस जिथे असेल तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे आदेशाची प्रत घेऊन थेट जाता येते. हुकूमनामा पाठवण्याची वर सांगितलेली पायरी लागत नाही. पण इथे एक धोका आहे. वसुली वॉरंटसाठी अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, म्हणून "येतील, थांबू या" असे म्हणत बसणे परवडत नाही. दर थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितले आहे. नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने तर पोटगीचा आदेश दिवाणी पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणेही वसूल करता येईल असे स्पष्ट केले.

दिवाणी हुकूमनाम्याला मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३६ खाली १२ वर्षे मिळतात, आणि दरमहा देण्याची रक्कम असेल तर प्रत्येक चुकलेल्या हप्त्याची १२ वर्षे त्या चुकीपासून मोजली जातात. मात्र हुकूमनाम्याला दोन वर्षे उलटली असतील तर नियम २२ प्रमाणे सामनेवाल्याला आधी नोटीस जाते, आणि नोटीस बजावणीतच बराच वेळ जातो. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे; ते वाक्य आमच्या वकिलांनी अर्जातच घातले होते.

मला यात एक गोष्ट मनापासून खटकते. पैसे न देणारा माणूस राज्य बदलतो आणि त्याच्या मागे कागद हलवण्याचा खर्च, प्रवास आणि रजा हे सगळे त्या बाईच्या माथी येते, जिच्याकडे मुळातच पैसे नाहीत. एका न्यायालयाने दुसऱ्या न्यायालयाला तीन कागद ऑनलाइन पाठवावेत आणि थकबाकीचा हिशेब थेट बँकेच्या नोंदीवरून व्हावा, हे आजच्या काळात अशक्य नाही. तोवर परस्पर संमतीने घटस्फोट घेणाऱ्यांनी तरी संमतीच्या अटींमध्येच रक्कम कोणत्या खात्यात, कोणत्या तारखेला यायची आणि दोन हप्ते चुकले तर काय होईल, हे लिहून घ्यावे. "सामंजस्याने पाहू" असे मोघम लिहिलेले कलम दरखास्तीत काहीही कामाला येत नाही.

बहिणीच्या बाबतीत कारखान्याला आदेश गेला असून दर महिन्याला पगारातली रक्कम न्यायालयात जमा होते आणि ती काढण्यासाठी अर्ज करावा लागतो. दरखास्त दाखल झाल्यानंतर आणखी महिने थकले, ते मूळ तक्त्यात नव्हते. त्यांच्यासाठी सुधारित तक्ता आणि शपथपत्र पुढच्या तारखेला द्यायचे आहे, आणि सध्या आम्ही बँकेचे उतारे त्यासाठीच गोळा करत आहोत.