तीन मिनिटं वीस सेकंद

भांडुपच्या आमच्या गाळ्यात येणारी कामं सगळी पळणारी. पंपांचे शाफ्ट, ब्लोअरच्या पुल्या, मिनिटाला १४४० फेऱ्या. मुलुंडचे एक निवृत्त विज्ञान शिक्षक दुर्बिणीचा स्टँड घेऊन आले आणि म्हणाले, "याला मोटर लावायचीय, पण या वर्मची एक फेरी दहा मिनिटांत व्हायला हवी." वर्म म्हणजे स्टँडचा मोठा गिअर फिरवणारा मळसूत्री दांडा. इतकं सावकाश काम आमच्याकडे कधी आलं नव्हतं.

सरांचा हिशोब चोख होता. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांची. तारा नजरेत राहायचा तर दुर्बिणीनंही तेवढ्याच वेळात उलटी फेरी घ्यायची. स्टँडचा गिअर १४४ दातांचा, वर्मच्या एका फेरीत एक दात सरकतो, म्हणजे वर्मची फेरी ५९८ सेकंदांची. बारीक पावलांनी फिरणारी स्टेपर मोटर, तिच्यासाठी २० आणि वर्मसाठी ६० दातांची पुली लॅमिंग्टन रोडवरून आणली, मध्ये दातेरी पट्टा घातला. गिअरची जोडी मी मुद्दाम टाळली, दातांमधली ढिलाई इथे चालणारी नव्हती.

रात्री सरांच्या गच्चीवर स्टँडची आस उत्तरेकडे करून मुंबईच्या अक्षांशाइतकी, १९ अंशांवर कलती बांधली आणि गुरू ग्रह धरला. २०० पट मोठा करून बघताना मोटरशिवाय तो मिनिटभरात नजरेतून निघून जातो. आता तो राहिला, पण दुर्बिणीतल्या मधल्या फुलीवर स्थिर नव्हता. हळूहळू बाजूला सरकायचा, परत यायचा. झोका त्याच्या बिंबाच्या अर्ध्याहून मोठा.

"वर्मच वाकडा असणार," सर म्हणाले.

"सर, घड्याळ लावा. वर्मचा दोष असेल तर झोका दहा मिनिटांचा असेल."

सरांनी मोजलं. दर वेळी तीन मिनिटं वीस सेकंद. ५९८ भागिले ३, कारण वर्मच्या एका फेरीत मोटर तीन फेऱ्या घेते. मोटरवरची छोटी पुली! दोषी भाग न उघडता नुसत्या वेळेवरून सापडला, याचा आनंद मला अजून आहे.

सकाळी शाफ्टवरच्या पुलीला वाकडेपणा मोजणारा डायल लावला. दातांच्या माथ्यावर सुई ०.४ मिलिमीटर हलत होती, म्हणजे भोक मध्यापासून ०.२ मिलिमीटर सरकलेलं. पंपावर असली पुली कुणी परत आणली नसती. लेथच्या चार जबड्यांच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, धरून दातांवरून ती मध्यावर आणली, भोक ८ मिलिमीटर केलं, त्यात पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, चिकटवला आणि चक न सोडता त्यात ५ मिलिमीटरचं नवं भोक घेतलं. हे चक न सोडणंच खरं काम. सुटला की मध्य गेला.

त्या रात्री तो झोका गेला. उरला तो दहा मिनिटांचा बारीकसा, वर्मचा. सरांनी दुसऱ्या दिवशी वर्मही खोलून आणला.